टोपी उसवली आणि घुंगरं ऐकू आली

मंडळी, मी शिवणकाम कुणाकडं शिकलो नाही, तरी माझ्या शिवणीतून थेंब आत जात नाही. आज दुपारी अंगणात खात्री झाली.

माझा मेहुणा मेंढरं राखतो. उद्या कळप घेऊन घाटनांदूरकडं निघेल, महिनाभर उघड्यावर झोपेल. त्याच्यासाठी रेनकोटच्या कापडाची झोपायची पिशवी शिवली. सुईचं प्रत्येक भोक पाण्याला वाट देतं, म्हणून शिवण दुमडून दुहेरी घातली आणि वरून पंक्चरचं सोल्युशन लावलं. डोक्याला पिशवीलाच जोडलेली, कान झाकणारी घट्ट टोपी.

तो आत शिरला. बायकोनं वरून दोन घागरी ओतल्या. बाहेर आला तर सदरा कोरडा ठणठणीत!

"लई भारी हाय दाजी. पण आत मेंढरं ऐकू येईनात. लांडगा आला तर कळंल कसं?"

"टोपीतच तर खरी कारागिरी हाय बे! तीन दिवस लागले."

बायको म्हणाली, "आधी तुम्ही शिरून बघा."

शिरलो. नुसता माझाच श्वास, विहिरीच्या तळाशी बसल्यासारखा. कळप कुंपणापलीकडंच होता, पण जगात कुणीच नव्हतं.

बाहेर आलो आणि एकेक टाका काढत टोपी उसवली. तिच्या जागी कान मोकळे ठेवून कपाळावरून पुढं येणारी सैल झडप लावली. परत आडवा झालो. मेंढरांच्या गळ्यातलं एक घुंगरू जवळ, एक लांब, मधेच कोकराची हाक. डोळा कधी लागला कळलंच नाही.

जाग आली तेव्हा मेहुणा हसत होता. "आता घेऊन जातो, दाजी."

तुम्हाला कोणता आवाज कानावर असला की निवांत झोप लागते?