घुबडाचे डोळे

निसर्ग-संग्रहालयाच्या तळघरात मेलेल्या पक्ष्यांत सव्वीस वर्षं पेंढा भरणाऱ्या माणसाला सगळे पेंढेकाका म्हणत. खोलीला खिडकी म्हणून नव्हती. शहरात कुठे पक्षी काचेवर आपटून मेला, की लोक तो बुटाच्या खोक्यात घालून आणून देत. काका तो असा उभा करत, की वर बघायला आलेल्या पोरांना वाटावं, आत्ता उडेल!

एकदा एक निवृत्त नर्सबाई तावातावाने खाली आल्या.

"अहो, वरच्या घुबडाचे डोळे तपकिरी कसे? आमच्या खिडकीसमोर रोज बसतं, चांगले पिवळेधमक आहेत!"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. मेल्यावर काही तासांतच डोळ्यांचा रंग जातो, म्हणून त्यांनी काचेचे डोळे अंदाजाने बसवले होते. आणि जिवंत घुबड? सव्वीस वर्षांत एकही पाहिलं नव्हतं या गृहस्थानं! मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

"संध्याकाळी साडेसहाला आमच्याकडे या," बाई म्हणाल्या. "ढोलीतून बाहेर येतं तेव्हा."

संग्रहालय सुटायचं साडेसातला. सुट्टीच्या दिवशी कपाटांत कसरीचं औषध मारायचं, तेही काकांच्याच गळ्यात. त्यांनी अर्धी रजा मागितली. साहेब म्हणाले, "शाळांच्या सहली येताहेत. तुमच्यासारखा हात दुसरा आहे का कुणाचा?" कौतुक करकरून माणसाला कसं बांधून घालावं, ते या साहेबांकडून शिकावं!

"न विचारता जा ना सरळ," बायको वैतागली. "खातोय का तो तुम्हाला?"

जायची इच्छा तर जिवापाड, पण पाय उचलेल तर शपथ.

पंधरा दिवसांनी बाई खोकं घेऊन आल्या. "अर्धा तास झाला. आमच्याच खिडकीवर आपटलं हो," त्या कशाबशा म्हणाल्या.

काकांनी झाकण काढलं. डोळे उघडे होते, पिवळेधमक. रंग उतरायच्या आत नोंद हवी, म्हणून हात सवयीने वहीकडे गेला. 'पिवळा' एवढं लिहिलं आणि काका ढसाढसा रडले.

तेवढ्यात वरून शिपाई आला. सहल आली होती, साहेबांनी माहिती सांगायला बोलावलं होतं. काका तोंड धुऊन वर गेले. घुबडाची चोच, नखं, पिसं, सगळं घडाघडा सांगितलं.

एका चिमुरडीनं हात वर केला. "आजोबा, ते उडताना कसं दिसतं?"

काकांनी घुबडाच्या तपकिरी काचेच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला नाही माहीत, बाळा."