बुटकं दार

शहापुरात कुणी विचारलं की मी "घरं विकते" एवढंच सांगते. लोकांना वाटतं, हायवेलगतच्या प्लॉटांचा धंदा असेल, आणि ते एकदम आदराने बघू लागतात. माझी घरं कॉम्प्युटरच्या आत असतात. तिथे एक अख्खं जग आहे. माणसं आपापल्या घरी बसून तिथे हवं ते रूप घेतात, हिंडतात, गप्पा मारतात आणि खऱ्या पैशांनी कपडे, घरं विकत घेतात. बहुतेकांना राजवाडे हवे असतात. मी ठरवलं, आपण आपल्याकडचं घर करायचं: कारवीच्या कुडाचं, शेणाने सारवलेलं, कौलारू, पुढे ओटी.

त्यासाठी खर्डीजवळच्या गावी जाऊन थोरल्या जाऊबाईंचं घर टेप लावून मोजलं. त्या ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"मापं कशाला घेतेस गो? विकायला काढलंस काय घर?"

"हो, वहिनी."

"आमाला नाय सांगितलंस ते. घेणारा कोण?"

"सांगता येत नाही. काहींना पंख असतात."

"मग त्यांना घर कशाला लागतंय?"

मी टेप पुढच्या भिंतीला लावला.

त्या जगातल्या एका बाजारात मी भाड्याने जागा घेतली आणि घर उभं केलं. दुकान तेच, नमुनाही तोच. बाजाराचा व्यवस्थापक दोन पायांवर चालणाऱ्या सिंहाच्या रूपात वावरायचा. प्रत्यक्षात तो कोण, कुठला, हे मला कधीच कळलं नाही. त्याने उद्घाटन ठेवलं. आतषबाजी झाली, फीत कापली गेली, भाषण झालं. प्रमुख पाहुणे उशिरा आले. ही पद्धत फक्त आपल्या तालुक्यात आहे, असा तोवर माझा समज होता.

मग मंडळी घर बघायला निघाली आणि दाराशी अडकली. माझं दार मापात अगदी बरोबर होतं, पण जाऊबाईंच्या मापात. आपल्याकडे कौलं खाली उतरलेली असतात, दार बुटकं असतं आणि वाकून आत जायचं हे कुणाला सांगावं लागत नाही. तिथली माणसं सात फुटी, त्यावर मुकुट. त्यांना उडता येतं, नाचता येतं, वाकता मात्र येत नाही. चौकटीला कपाळ लावून ती थोडा वेळ जागच्या जागी चालत राहिली आणि मग शेजारच्या राजवाड्यात गेली.

पुढे काही आठवडे मी जोरात जाहिरात केली. घराची चित्रं टाकली, ओळख लिहिली, इतरांच्या समारंभांना जाऊन न आवडलेल्या घुमटांची स्तुतीही केली. लोक येत, अडकत आणि जात. शेवटी सिंहाने कळवलं: दार उंच करा, नाहीतर महिनाअखेरीला जागा दुसऱ्याला देतो.

धंद्याच्या दृष्टीने त्याचं बरोबर होतं. दार ओढून उंच करायला वेळही लागत नाही. मी करून पाहिलं. छप्पर वर गेलं, ओटीवरची सावली गेली आणि डोळ्यांसमोर ग्रामपंचायतीचं नवं कार्यालय उभं राहिलं. मी दार परत खाली आणलं. मला जागा सोडायची नव्हती आणि दारही. म्हणजे लोकांना वाकायला शिकवणं आलं.

तिथे प्रत्येक हालचाल कुणाला तरी बनवावी लागते. मी पुन्हा गावी गेले, ओटीवर मोबाइल टेकवून ठेवला आणि जाऊबाईंना आत-बाहेर करायला लावलं.

"आता घरात शिरायचं पन शिकवायचं लोकांना?"

"हो. पुन्हा एकदा जा ना."

"हे शेवटचं हां. चुलीवर भात हाय माझा."

तो व्हिडिओ थांबवत थांबवत, लाइट गेली की जिथे राहिलं तिथून पुन्हा सुरू करत, मी ती हालचाल जुळवली. उजवा हात चौकटीवर, मान खाली, आधी एक पाय उंबऱ्याच्या आत. चौकटीवर क्लिक केलं की समोरचा कुणीही असो, वाकून आत जाणार.

महिनाअखेरीला सिंह स्वतः आला. मागे दोन पंखवाले. त्याने क्लिक केलं. उजवा पंजा चौकटीवर गेला, आयाळ खाली झुकली आणि डाव्या पंजाने त्याने खांद्यावरचा, नसलेला पदर सावरला.

जाऊबाईंचा डावा हात मी जसाच्या तसा उचलला होता, हे मला तेव्हा कळलं. आता जागा गेलीच, असं धरून मी बसले. सिंह बाहेर आला आणि पुन्हा आत गेला. त्याच्यामागून पंखवाले, तेही पदर सावरत. मग त्याने विचारलं, हा डावा हात काय करतो? मी सांगितलं.

"हात तसाच राहू द्या," त्याने लिहिलं. "दारही. जागा तुमची."

जाऊबाईंना मी ते मोबाइलवर दाखवलं. त्यांनी सिंहाला आत जाताना नीट पाहिलं, पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा पाहिलं.

"वळण बरं हाय त्याला," त्या म्हणाल्या. "पायातलं भायेर काढायला सांग तेवढं."