लुबाकीचं ताट

आमच्या बाकोंगो वस्तीत मासेंगोला सगळे याया, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचे. ब्राझाव्हिलच्या बाजारात ती कसावाचे कंद विकायची आणि दुपारी एका जपानी पंथाच्या प्रार्थनाघरात लोकांच्या कपाळासमोर तळहात धरून बसायची. तळहातातून प्रकाश जातो, असं आम्ही मानतो. जपानी मंत्राचं अक्षरही तिला कळत नव्हतं. "तुझ्या देवाला आपली भाषा तरी येते का?" असा टोमणा तिचा दीर मारायचा. ती म्हणायची, "तुला येते, काय उपयोग झाला?"

हा दीर हात धुऊन तिच्या मागे लागला होता. तिचा एकुलता एक मुलगा लुबाकी युरोप गाठायला समुद्रावर निघाला, त्याचं पुन्हा काही कळलंच नाही. प्रार्थनाघराच्या शिकवणीप्रमाणे याया घरच्या पितरांना आपल्याआधी जेवण वाढायची. तिथं लुबाकीचंही ताट ठेव, मेलेला उपाशी राहिला तर घरादाराला छळतो, असं दिराचं म्हणणं. ती ठेवत नसे. पितरांपुढे जिवंत माणसाचं ताट कोण ठेवेल?

एका दुपारी कुठलीशी अनोळखी मुलगी तिच्या हातासमोर बसली. मंत्र संपता संपता मुलीचे हात पोहल्यासारखे हलू लागले आणि तिच्या तोंडून पुरुषी आवाज आला, "आई, भूक लागलीय."

अंगात आलेल्याला आधी नाव विचारायचं, हा आमचा नियम. आम्ही वाट बघत राहिलो. यायाने विचारलं नाही. हात खाली घेत म्हणाली, "डोळे उघड, पोरी. झालं." मी, तिची शेजारीण, तिच्याबरोबर निघाले.

घरी येऊन तिने खारवलेला मासा रांधला. ताट वाढलं ते पितरांपुढे नाही, जेवणाच्या टेबलावर. खुर्ची ओढून ठेवली आणि मला घेऊन अंगणात बसली. मेलेला जेवून गेला की अन्न तसंच राहतं, चव तेवढी जाते. आमच्याकडे लेकरांनाही हे ठाऊक असतं.

आत गेलो तेव्हा ताट होतं तसंच होतं. यायाने एक घास सावकाश चावला.

"चव छान आहे," ती म्हणाली आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "तू सांग."

मी खाल्लं. खारवलेला मासा तो, आणि तोंडात नुसता ओला भुसा. याया माझ्या तोंडाकडे बघत होती.

"जरा खारटच झालाय, याया," मी म्हणाले.

"असं? मग उद्या जास्त वेळ भिजवते."