मेलबर्नची म्हैस

या जगात कोणी सरळ मार्गाने जिंकू शकतं, यावर आमच्या व्याह्यांचा काडीचा विश्वास नाही. निवडणूक असो, सोसायटीतली रांगोळी स्पर्धा असो की शेजारच्या मुलीला मिळालेले मार्क असोत, निकाल कानावर पडला की ते आधी डोळे बारीक करतात, मग मिशीच्या डाव्या टोकाला हात लावतात आणि विचारतात, "व्हय, पन मागनं काय झालं?" फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन ते साताऱ्यात स्थायिक झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण त्यांचा पहारा काही उतरलेला नाही. मी सांगलीचा. कुपवाडच्या एमआयडीसीत माझं लेथ मशिनचं लहानसं वर्कशॉप आहे. माझी एकुलती लेक त्यांच्या एकुलत्या मुलाला दिली आणि ती दोघं मेलबर्नला जाऊन राहिली. अशा दोन घरांत तिकडच्या मुलांखेरीज दुसरा विषय नसणार, असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात आम्ही व्याही-व्याही भेटलो की बोलतो ते ऑस्ट्रेलियातल्या फुटबॉलपटूंच्या पगाराविषयी.

त्यांच्या संशयाचा पहिला दणका मात्र मलाच बसला होता. आमच्या एमआयडीसीत दरवर्षी कारखान्यांची क्रिकेट स्पर्धा होते आणि कारखान्यात प्रत्यक्ष काम करणाऱ्यानेच खेळायचं, असा तिचा नियम आहे. लेकीचं लग्न झालं त्या वर्षी माझी टीम फायनलला पोचली. नवीन सोयरीक, माणसाचा मान राखावा, म्हणून मी बक्षीस द्यायला व्याह्यांना बोलावलं. आम्ही जिंकलो. आमचा फास्ट बोलर ट्रॉफी घ्यायला पुढे आला, व्याह्यांनी त्याच्याशी हात मिळवला आणि तो हात सोडलाच नाही. उलटा केला, तळवा पाहिला, अंगठ्याने दाबून पाहिला आणि माइकवरून सगळ्या मैदानाला सांगितलं, "ह्या हाताला ग्रीस कवा लागल्यालं न्हाई." आता तो आमच्या फोरमनचा मेव्हणा होता आणि त्याच आठवड्यातल्या सोमवारी कामाला लागला होता, हे खरं. पण त्याला गणवेश दिला होता, हजेरी लावली होती. माणसाने आणखी काय करायचं असतं, ते मला अजून कळलेलं नाही. ट्रॉफी दुसऱ्या टीमला गेली. परतताना गाडीत व्याही माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "पाव्हणं, वाईट वाटून घिऊ नगा. गडी मातूर झकास निवडला हुता."

ऑस्ट्रेलियन फुटबॉल त्यांच्या आयुष्यात आला तो अडचणीतून. लेक-जावयांनी त्यांना आणि विहीणबाईंना काही महिन्यांसाठी मेलबर्नला नेलं. बाप-लेकात भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. बाप सरहद्दीवर आणि पोरगं साताऱ्यात, त्यामुळे मुलगा मोठा झाला तो बापाच्या रजेरजेने. पुढे फोनवर त्यांचं बोलणं ठरलेलं असे. "जेवलास? थंडी हाय का? बरं, आईकडं देतो." मेलबर्नला एका घरात राहायला लागल्यावर आईकडे फोन द्यायचीही सोय उरली नाही. एका शनिवारी जावयांना काही सुचेना, म्हणून त्यांनी वडिलांना मॅचला नेलं.

तिथे व्याह्यांनी पाहिलं ते असं: क्रिकेटएवढं मैदान, सोललेल्या नारळासारखा चेंडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब, आणि एकमेकांच्या खांद्यावर गुडघा देऊन आभाळातला चेंडू पकडणारी दांडगी पोरं. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला तर सहा गुण. पण जरा चुकून बाजूच्या खांबांतून गेला, तरी एक गुण. हे ऐकून ते गहिवरले. "चुकल्याल्याला बी एक गुन? लय मानुसकीचा खेळ हाय गड्या." मग जावयांनी, वडील इतकं ऐकतायत हे पाहून, उत्साहाने आणखी एक नियम सांगितला. प्रत्येक क्लबाने सगळ्या खेळाडूंना मिळून किती पगार द्यायचा, याला मर्यादा असते. श्रीमंत क्लबाने सगळे चांगले खेळाडू विकत घेऊ नयेत, म्हणून.

व्याह्यांनी डोळे बारीक केले, मिशीच्या डाव्या टोकाला हात लावला. मग म्हणाले, "अन् पाळत्यात?"

"हो अण्णा. नियमच आहे तसा."

"नियम हाय म्हनूनच इचारतोय."

त्या क्षणी त्यांना निवृत्तीनंतरचं काम मिळालं. जावयांची टीम ती 'आपली' झाली. गुणतक्त्यात कायम वर असणाऱ्या टीमला त्यांनी 'वरली आळी' हे नाव दिलं, आणि वरली आळी पगाराची मर्यादा मोडते हे सिद्ध करायला ते साताऱ्याला परत आले. त्यांचा सिद्धांत त्यांच्या गावच्या तालमीतला आहे. जत्रेत दोन्ही तालमींच्या पैलवानांना इनाम सारखंच मिळायचं, तरी चांगले पैलवान एकाच तालमीत का जायचे? कारण घरी गोठ्यात अचानक एक मुऱ्हा म्हैस येऊन उभी राहायची. भावाला कारखान्यात वॉचमनची नोकरी लागायची. "पगार कागदावर दिसतो, पाव्हणं. म्हस कागदावर दिसत न्हाई." तेव्हापासून ते मेलबर्नमधली म्हैस शोधतायत. वरल्या आळीच्या कप्तानाच्या मेव्हण्याने कॉफीचं दुकान काढलं, ही म्हैस. एका बचावपटूच्या वडिलांना क्लबात सल्लागार नेमलं, ही तर ताजी व्यालेली म्हैस. खेळाडूंनी मोबाइलवर टाकलेले फोटो ते चेहऱ्यासाठी बघतच नाहीत, मागचं घर बघतात. त्यात विहीणबाई तज्ज्ञ साक्षीदार. चष्मा लावून फोटो मोठा करतात आणि निकाल देतात, "आवं, ह्यो ओटा सादा न्हाई. ह्या गॅनाईटला लय पैसं पडत्यात."

आज साताऱ्यात त्यांच्या घराजवळच्या चहाच्या गाड्यावर सकाळी जमणाऱ्या निवृत्त फौजींना वरल्या आळीच्या खेळाडूंची सगळी सोयरीक पाठ आहे. मॅच एकानेही पाहिलेली नाही. एकदा त्यांच्यातल्याच एका हवालदाराने धीर करून विचारलं, "सुभेदार, पन ह्यात आपलं काय जातंय?" व्याह्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "न्याव जातोय," ते म्हणाले, आणि त्या दिवशीचा चहा कोणालाच गोड लागला नाही. पुढे त्यांनी तिकडच्या फुटबॉल मंडळाला फौजी इंग्रजीत ईमेल धाडला. मिनिटाभरात उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मी म्हटलं, "हे मशिन पाठवतं हो, सगळ्यांना." ते हसले. "एवढ्या घाईत उत्तर? आदीच लिवून ठिवलं हुतं, पाव्हणं. त्यास्नी ठावं हुतं कुनीतरी इचारनार."

मी हे सगळं थट्टेनेच पाहत असे. पण एक गोष्ट थट्टेच्या पलीकडची होती. शनिवारी आपल्याकडच्या सकाळी मॅच असायची आणि दुपारी जावयांचा फोन यायचा. त्यात आता जेवलास का, थंडी आहे का, हे काही नसे. कोण कुठे विकला गेला, कोणाच्या बायकोला कोणी नोकरी दिली, यावर बाप-लेक तासतासभर बोलत. विहीणबाई स्वयंपाकघरातून ऐकायच्या आणि भाजी परतायचा आवाजसुद्धा होऊ द्यायच्या नाहीत. तीस-पस्तीस वर्षांचं थकलेलं बोलणं त्या फोनवर फिटत होतं, तेही वरल्या आळीच्या कृपेने.

आणि गेल्या वर्षी घात झाला. आपली टीम जिंकायला लागली.

पहिल्या विजयाला व्याह्यांनी कंदी पेढे वाटले. दुसऱ्याला वाटले. नंतर पेढे थांबले आणि मिशीला हात जाऊ लागला. माणूस प्रामाणिक, जो न्याय वरल्या आळीला, तोच आपल्याला. आपल्या टीममध्ये एक नवा पोरगा आला होता, हरणासारखा उडायचा, आणि जुन्या क्लबापेक्षा कमी पगारावर आला होता म्हणे. "कमी पगारात? का?" व्याही मला विचारायचे, जणू मीच त्याला नेमलं होतं. "लगीन झाल्यालं न्हाई त्याचं, मी बघितलंय समदं. म्हंजे म्हस बायकूच्या नावावर न्हाई. आईच्या नावावर आसनार."

फायनलच्या दिवशी मी आणि आमची मंडळी मुद्दाम साताऱ्याला गेलो होतो. लेक-जावई तिकडे स्टेडियममध्ये. आपली टीम जिंकली, तीही त्या नव्या पोराने शेवटी मारलेल्या गोलावर. लगेच व्हिडिओ कॉल आला. मागे नुसता गोंगाट, जावयांच्या गळ्यात टीमचा मफलर, डोळ्यांत पाणी. "अण्णा, जिंकलो! अण्णा!" व्याही फोन धरून बसले होते. त्यांना आनंद झाला होता, मी शेजारीच होतो, त्यांचा गुडघा हलत होता. पण तोंडातून निघालं ते हे: "जिंकलं खरं. पन त्या पोराची म्हस सापडली का रं?"

जावयांचा चेहरा उतरला. ते ओरडले नाहीत. "अण्णा, आम्ही जिंकलेलं तुम्हाला कधीच खरं वाटत नाही. तेव्हाही नाही, आजही नाही," एवढंच म्हणाले आणि फोन बंद झाला.

'तेव्हा' म्हणजे केव्हा, ते विहीणबाईंनी आम्हाला स्वयंपाकघरात सांगितलं. मुलगा प्राथमिक शाळेत असताना धावण्याच्या शर्यतीत पहिला आला होता. बाप त्याच दिवशी रजेवर येत होता, म्हणून कप घेऊन थेट स्टँडवर पळत गेला. "ह्यांनी इचारलं, चांगली पळनारी पोरं गैरहजर हुती का? शिट्टीवाला मास्तर वळखीचा न्हवता न्हवं? आन् घरी यिऊन कप खिळ्यानं खरडून बघितला. म्हनले, पितळ न्हवं, पत्रा हाय." विहीणबाईंनी गॅस बारीक केला. "पोरानं कप माळ्यावर टाकला. परत कवा पळला न्हाई."

त्यानंतर शनिवारचा फोन बंद झाला. मोसमही संपला होता, त्यामुळे निमित्तही उरलं नाही. जावई आईला फोन करायचे, खुशाली सांगायचे, आणि फोन तिथेच संपायचा. फोन धाकट्याने करायचा, थोरल्याने उचलायचा, असा व्याह्यांचा पलटणीतला कायदा. तो मोडणं त्यांना जमेना. मग ते मला फोन करायचे. "तुमची लेक काय म्हनती? तिकडं थंडी हाय का?" तिकडे तेव्हा कडक उन्हाळा होता. मी म्हणायचो, "बेताची आहे." चहाच्या गाड्यावरही ते जाईनात, असं कळलं. मला त्या माणसाची दया आली आणि रागही आला. दोन शब्द पोराला बोलायला काय लागतं? पण मग आठवलं, मी तरी लेकीशी काय बोलतो? दोन मिनिटांत फोन तिच्या आईकडे देतोच की.

एका सकाळी मी वर्कशॉपचं शटर उघडतोय तर दारात व्याही उभे. साताऱ्याहून पहिली एसटी धरून आले होते. पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढली. गंजलेला, एका बाजूने चेपलेला, वीतभर उंचीचा कप.

"ह्येला जरा चकाकी आनायची," ते मशिनकडे बघत म्हणाले.

पत्र्याला नुसतं पॉलिश धरत नाही. मी त्यांना शेजारच्या प्लेटिंगवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने पोचा काढला, गंज घासला आणि तळाचा ओरखडा दाखवून म्हणाला, "ह्यो बी घासून काडतू, निकेल चडल्यावर कळनार न्हाई." व्याह्यांनी त्याचा हात धरला. "त्यो ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "त्यो माजा हाय." मी उगाच दुसरीकडे बघत राहिलो.

नवा मोसम सुरू झाला त्या शनिवारी मी पुन्हा साताऱ्याला होतो, विहीणबाईंनीच बोलावलं होतं. आपली टीम जिंकली. फोन आला नाही. अर्धा तास झाला, पाऊण झाला. मग व्याह्यांनी पलटणीचा कायदा मोडला आणि स्वतः फोन लावला. पलीकडे जावई दिसले, शेजारी आमची लेक. व्याह्यांनी फोन जरा डावीकडे सरकवला. मग आणखी जरा डावीकडे. स्वतःचा अर्धा चेहरा चौकटीबाहेर गेला तरी सरकवतच राहिले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मागे टीव्हीशेजारी ठेवलेला, लखलखणारा तो कप दिसावा अशी धडपड चालली आहे.

"झकास खेळली पोरं," ते म्हणाले. "खरं जिंकली."

पलीकडे जावई बघत होते. कप दिसला तसा त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. 

"अण्णा, पण एक सांगू? तो आपला नवा पोरगा नाही का... त्याच्या बायकोला म्हणे क्लबच्या स्पॉन्सरने नोकरी दिलीय."

व्याही ताठ झाले. कित्येक महिन्यांनी हात मिशीच्या डाव्या टोकाला गेला. "बघ! मी काय म्हनत हुतो? कसली नोकरी? बसून पगार आसनार!" आणि मग सुरू झालं ते तासभर थांबलं नाही. विहीणबाईंच्या कढईचा आवाज बंद झाला. मला मात्र राहवेना. त्या पोराचं लग्न झालेलं नाही, हे याच माणसाने मला बजावून सांगितलं होतं. फोन संपल्यावर मी म्हटलं, "सुभेदार, पण त्याला बायको—"

"ठावं हाय," ते म्हणाले. डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला होता. "माजा चेंडू बाजूनं गेला, पाव्हणं. पन एक गुन दिलाच की पोरानं."

हल्ली शनिवारी सकाळी सांगलीत मीही तो खेळ लावून बसतो. मला त्यातलं अजून ओ की ठो कळत नाही. परवा मात्र लेकीचा फोन आला, तेव्हा तो तिच्या आईकडे देण्याआधी मी विचारलं, "काय गं, त्या वरल्या आळीच्या कप्तानाने नवी गाडी कुठून घेतली?" ती आधी खूप वेळ हसली. मग म्हणाली, "थांबा पप्पा, खुर्ची घेऊन बसते."