गेरूतलं नाव

तिसगावच्या बाजारात आमच्या गावच्या पाथरवटाच्या पाटा-वरवंट्यांना तोड नव्हती, पण त्याला वाचता येत नसे. म्हणून एकाहत्तरच्या लढाईत सरहद्दीवर पडलेल्या जवानांची नावं गावातल्या नव्या स्मारकाच्या दगडावर मी गेरूनं लिहायची आणि त्यानं कोरायची, असं ठरलं. आधी तो दगडावर हातोडी हलकेच वाजवून कान द्यायचा; आत शीर, म्हणजे चीर असली, तर आवाज बद्द येतो. मग म्हणायचा, "बोलतोय दगड. घ्या नाव, गुर्जी." मी नाव मोठ्यानं वाचलं की मगच पहिला घाव घालायचा.

शेवटचं नाव एका बेपत्ता जवानाचं होतं. सरकारी कागदानुसार तो गेला होता; त्याची आई ते मानत नव्हती. तिथंही दगड खणखणीत वाजला. पाथरवट मात्र टाकी खाली ठेवून सरपंचांना म्हणाला, "हितं शीर हाय. टाकी मारली तर फुटंल."

"तुला साधा दगड पारखता येईना?" सरपंच चारचौघांत डाफरले. त्यानं मान खाली घातली.

ते नाव गेरूतच राहिलं. पावसाळा सरला की तो मला बोलवायचा, मी पुन्हा लिहायचो. एकदा विचारलंच, "शीर आहे तरी कुठं?"

"शीर न्हाईच," तो म्हणाला. "पोरगं आलं, तर पुसाया नको?"