भैय्याजींचा हस्की

समुद्रपूरच्या तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर भैय्याजी सिंदी मेघेत राहायला आले. कोणता दाखला कुठे मिळतो, अर्जाला काय जोडायचं, हे विचारायला गल्लीतली माणसं संध्याकाळी त्यांच्याच फाटकाशी यायची. भैय्याजींना ते फार आवडायचं. मग समोरच्या वैभवने ब्रूनो नावाचा लॅब्रेडॉर कुत्रा आणला आणि हळूहळू सगळी वर्दळ रस्ता ओलांडून पलीकडे गेली. पोरं ब्रूनोशी खेळायची, बाया त्याचे फोटो काढायच्या. भैय्याजी पेपराआडून पाहत बसायचे. एक दिवस त्यांची बायको, गोपिकाबाई, ब्रूनोसाठी पोळी घेऊन तिकडे निघाली, तेव्हा मात्र त्यांचा अगदी जळफळाट झाला.

"आपणबी कुत्रा आणू," ते म्हणाले.

"आणा ना. गावठी पिल्लू पाहा एखादं. आपल्या उन्हात टिकते."

"गावठ्याले कोण पाह्यते? वैभवच्यापेक्षा भारी पाह्यजे. तो लांडग्यासारखा दिसते ना, निळ्या डोळ्याचा, तो!"

हस्की बर्फाच्या मुलखातला, हे नागपूरच्या विकणाऱ्याने सांगितलं होतं. भैय्याजींनी त्यातून एवढंच घेतलं की असा कुत्रा गल्लीत दुसरा नाही.

सुलतान हिवाळ्यात आला. माणसं पुन्हा रस्त्याच्या अलीकडे आली. खुद्द वैभव फोटो काढायला आला, त्या रात्री भैय्याजी दोन घास जास्तच जेवले.

मे महिन्यात सुलतान कूलरसमोरून हलेना. भैय्याजींनी आपली खाट उकाड्यात सरकवून त्याला जागा दिली. तरी एका दुपारी तो धापा टाकत कोसळला. भैय्याजी नुसतेच पाण्याचा तांब्या घेऊन उभे राहिले. गोपिकाबाईंनी त्यांना न विचारताच वैभवला हाक मारली. त्याने सुलतानला ओल्या चादरीत गुंडाळून गाडीत घातलं आणि डॉक्टरकडे नेलं.

कुत्रा वाचला. "दुपारी एसीतच ठेवा, कूलरनं भागणार नाही," डॉक्टर म्हणाले.

"काका, आमच्याकडे आणत जा ना," वैभव म्हणाला. घरी एसी नव्हता. भैय्याजींना मान हलवावीच लागली.

तेव्हापासून रोज दुपारी डोक्याला दुपट्टा बांधून ते सुलतानला समोर नेतात आणि स्वतःही तिथेच खुर्ची टाकून बसतात. परवा वैभव सुट्टी घेऊन घरीच होता. सुलतान उठला, त्याच्याजवळ गेला आणि त्याच्या पायावर डोकं ठेवून निजला.

"चाल सुलतान, घरी!" भैय्याजी ताडकन उठले.

"काका, ऊन तं उतरू द्या. काऊन घाई करून राह्यले?"

भैय्याजींनी दार उघडलं. गरम झळ तोंडावर आली. सुलतानने नुसता कान हलवला. त्यांनी दार लावलं. ते खुर्ची ओढून वैभवला खेटून बसले आणि त्यांनी सुलतानच्या गळ्यातला पट्टा संध्याकाळपर्यंत घट्ट धरून ठेवला.