गुणाजीचा वाटा

सगुणा कोळीण बाप्तिस्मा घेणार, हे आमच्या मंडळीत जाहीर झालं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद माझ्या वडिलांना झाला होता. ते १९८८ साल. वर्तकनगरात एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी आमची उपासना व्हायची. बहुतेक सगळे नगर-संगमनेरकडून पोटासाठी ठाण्यात आलेले, तीन-तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. आपल्यात बाहेरून कुणी येतच नाही, अशी वडिलांची तक्रार असायची. ते मंडळीचे पंच होते. सगळे त्यांना उत्तमराव म्हणत. आणि आता खाडीकाठच्या कोळीवाड्यातली एक बाई स्वतःच्या पायांनी आली होती.

आली ती विमलाबाईंमुळे. विमलाबाई निवृत्त नर्स, आणि सगुणा त्यांच्या दारावर मासळी विकणारी. तिच्या नवऱ्याला, गुणाजीला, होडीतच अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. पडून पडून पाठीला जखमा झाल्या, तेव्हा विमलाबाई रोज कोळीवाड्यात जाऊन त्या धुऊ लागल्या. धुताना हलक्या आवाजात प्रार्थना करायच्या. गुणाजी बरा झाला नाही. लोक मंडळीत साक्ष देताना चमत्कार सांगतात, तसं काहीच घडलं नाही. सगुणाने विमलाबाईंना एवढंच विचारलं, की त्याच्या सख्ख्या माणसांनी नाकाला पदर लावला आणि तुम्ही लावला नाही. ज्याच्या नावानं हे करता तो कोण, ते मला सांगा.

आदल्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेला तिने खाडीला नारळ दिला नव्हता. जमातीने तिला वाळीत टाकलं. बंदरावर उतरलेल्या मासळीला तिला हात लावू देईनात. जमातीचा पाटील दामाजी म्हणजे गुणाजीचा चुलतभाऊ. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "काय गो सगुने, तुझा देव जालं टाकतो ना? मग त्याच्याकडशीच घे म्हावरा." बाया पाट्यांवर वाकून हसल्या. येशूचे पहिले गडी कोळीच होते, हे उत्तर अगदी ओठांवर आलं होतं, असं तिने नंतर माझ्या आईला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे कल्याणच्या बाजारातून मासळी आणू लागली.

तिला वाचता येत नव्हतं. दहा आज्ञा, प्रार्थना, विश्वासाचा अंगीकार, सगळं तिने ऐकून पाठ केलं. आमच्या बिल्डिंगचा जिना चढताना ती अंगीकार पुटपुटायची आणि प्रत्येक मजल्यावर थांबून "सुरमई, बोंबील" असं ओरडायची. मग सोडलेला शब्द अचूक पकडून पुढचा मजला चढायची. आठ महिने हे चाललं.

ईस्टरच्या आदल्या रविवारी तिचा बाप्तिस्मा झाला. ईस्टरला तिचं पहिलं प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून खायचा पाव. पावाच्या लहान चौकोनी तुकड्यांचं ताट ओळीतून पुढे सरकत आलं. सगुणाने एक तुकडा उचलला, कपाळाला लावला आणि पदराच्या टोकाला बांधून ठेवला. देवळातून, पूजेतून, कुठूनही आलं तरी घरी अंथरुणावर असलेल्या माणसाचा वाटा आधी बांधायचा, ही तिच्या हातांची जन्माची सवय होती. पुढे उभ्या असलेल्या माझ्या वडिलांनी ते पाहिलं.

उपासना सुटल्यावर मंडळीच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, तिला टेबलाशी बोलावलं. ती घाबरली नाही. तिने आपण होऊनच गाठ सोडून दाखवली.

"माझा मी खाल्ला नाय, साहेब. त्याच्यासाठी ठेवला. मला काय, पुढच्या टायमाला मिळंल."

पाळकसाहेबांनी शांतपणे समजावलं. हा प्रसाद नाही. ज्याने आपल्या तोंडाने विश्वास कबूल केला, त्यानेच हा घ्यायचा. गुणाजीने कबूल केलेला नाही.

"त्याला बोलताच येत नाय," सगुणा म्हणाली. "कबूल कशानं करंल?"

मग पंचांची सभा भरली. बाईंना प्रभुभोजनाचा अर्थ समजलेला नाही. सहा महिने त्यांना मेजापासून दूर ठेवावं आणि पुन्हा शिकवावं, असं ठरलं. वडिलांनी आपल्या सुरेख अक्षरात ते लिहून काढलं.

उरलेला पाव कुंपणापाशी चिमण्यांना टाकायची आमच्याकडे पद्धत होती. सगुणाच्या पदरातला तुकडाही त्याच ताटात आला. ताट वडिलांनी माझ्या हातात दिलं. मी अकरा वर्षांची होते. मी तो टाकला. सगुणा पायरीवर उभी राहून चिमण्यांकडे बघत होती.

ती पुन्हा धड्यांना बसू लागली. बुधवारी आमच्या दारावरही येत राहिली. वडील तिच्याकडचे बोंबील आवडीने खात.

ऑगस्टमध्ये गुणाजी गेला. बातमी कळताच दामाजी माणसं घेऊन आला. हा बाटलेला नाही, हा आमचा, असं म्हणून त्यांनी प्रेत ताब्यात घेतलं आणि आपल्या रीतीने सगळं केलं. सगुणाला तिच्याच घराच्या बाहेर उभं केलं. शेवटचं पाणीही तिला घालू दिलं नाही.

इकडे आमच्या घरी पाळकसाहेब आणि वडील बराच वेळ बोलत बसले होते. मयत माणूस आपला सभासद नाही. तिथले विधी आपले नाहीत. आपण गेलो तर चुकीचा अर्थ निघेल. आईने दोनदा चहा केला. बोलणं संपेपर्यंत तिकडे चिता पेटलेली होती. आमच्यातून एकट्या विमलाबाई गेल्या. त्या रस्त्याच्या कडेला सगुणाचा हात धरून उभ्या राहिल्या.

ऑक्टोबरमध्ये सहा महिने भरले. पाळकसाहेबांनी तिचं नाव घेऊन तिचं मेजाशी स्वागत केलं. ताट तिच्यापाशी आलं. तिने ते दोन्ही हातांनी धरलं, क्षणभर पाहिलं आणि शेजारच्या बाईकडे दिलं.

नंतर वडील तिच्याजवळ गेले. त्यांच्या आवाजात खरंच कळवळा होता. "सगुणाबाई, आता तर काही आडकाठी नाही. का नाही घेतलंत?"

"तो उपाशी गेला, दादा," ती म्हणाली. "मी एकलीच कशी जेवू?"

बाईंना अजूनही समज आलेली नाही, असं वडिलांनी त्या रात्री आईला सांगितलं. त्यांना वाईट वाटत होतं. पण त्यांनी तिला पुन्हा विचारलं नाही, आणि दुसऱ्या कुणीही नाही.

सगुणा पुढची आठ वर्षं दर रविवारी येत राहिली. कोळीवाड्याने तिला परत घेतलं नाही, आणि मंडळीच्या यादीतून तिचं नाव कुणी काढलं नाही. पाठ केलेलं सगळं ती आमच्याबरोबर खड्या आवाजात म्हणायची. नव्याने आलेल्यांना बाया कानात सांगत, "ती कोळीण घेत नाही," एखाद्याला साखर चालत नाही म्हणावं तसं. पुढे पुढे शेजारची बाई तिच्या मांडीवरूनच हात लांब करून ताट पलीकडून उचलून घ्यायची, म्हणजे तिला ते धरायलाही लागत नसे.